वडिलांसमवेत समुद्रतीराने

प्रवास म्हटला की आजच्या नागर गृहस्थाच्या डोळ्यांपुढे प्रथम वाहन उभे राहते. पायी प्रवास एक तर वारकऱ्याने करावा, नाही तर ज्याला गत्यंतर नाही त्याने, अशी समजूत आता पक्की होऊन बसली आहे. त्यातून कोणी असे म्हणू लागला की, कोकणच्या दमट किनाऱ्याने, आपले सामान आपल्याच पाठीवर घेऊन, आणि सोबतीस सत्तरीला पोचलेल्या वडिलांना घेऊन आठ दिवस चालून यावे, तर ऐकणारा मनुष्य त्याच्या पाठीकडे न पाहता डोक्याकडे पाहू लागेल. तथापि असा प्रवास घडतो. त्यात येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या समुद्राच्या नसून नात्याच्या असतात, इतकेच. अशाच एका प्रवासाची ही हकीकत आहे.

पुण्यातील हे बापलेक. वडील टपालखात्यातून निवृत्त झालेले, वय वर्षे सत्तर. चिरंजीव एकेचाळीस वर्षांचे. संगणकापुढे बसून त्यांची नोकरी चालते. घरातील आई जाऊन दोन वर्षे झाली होती. ती असताना या दोघांमधले सारे बोलणे तिच्यामार्फत चाले, आणि ती गेल्यावर ते जवळजवळ बंदच पडले. सकाळी ‘औषध घेतले का’ आणि रात्री ‘दिवा मालवू का’, एवढ्या दोन प्रश्नांवर दिवस निघत. भांडण असे काही नव्हते. भांडणाला निदान विषय तरी लागतो.

वडिलांचे मूळ गाव गुहागरच्या बाजूचे. १९६२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, ते आपल्या वडिलांबरोबर दाभोळ बंदरातून आगबोटीने मुंबईस गेले. आगबोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत नेत. त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून पडावापर्यंत आपल्याला वडिलांनी खांद्यावर बसवून नेले, दुसऱ्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक होती, ही एक आठवण ते नेहमी सांगत. पुढे गावी जाणे झाले ते एस्. टी.ने, चिपळूणवरून. समुद्राच्या कडेने आपण गावाकडे कधीच गेलो नाही, असे एकदा जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेले. चिरंजिवांनी ते उचलून धरले. वडिलांना इतके गंभीरपणे घेतले जाण्याची सवय नसल्यामुळे ते काही दिवस घाबरूनच होते. परंतु वैद्याने हृदय तपासून संमती दिली, आणि गुडघ्याविषयी मात्र ‘चढापेक्षा उताराला जपा’ असे बजावले.

वाट ठरली ती अशी: हरिहरेश्वराहून निघावयाचे, बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर असे करीत दाभोळ, आणि दाभोळची खाडी उतरून गुहागर. दिवस कोणते निवडावे, हे वडिलांनी पंचांगावरून ठरविले, आणि येथे थोडे गणित सांगणे अवश्य आहे. आमच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीस सहा वाजता, चतुर्थीस तीन वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक जागेप्रमाणे पडतो, पण चालणाऱ्याला एवढे पुरे होते. आता उन्हाळी किनाऱ्यावर चालावयाचे ते पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंत. पुढे वाळू तापते, आणि हवेतील दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. तेव्हा सकाळी ओहोटी असेल असे दिवस हवेत. ते पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस मिळतात. ओहोटीने मागे सरकलेल्या पाण्याने जी ओली, घट्ट पुळण उघडी पडते तिच्यावरून म्हातारा मनुष्यही सुखाने चालतो. कोरड्या वाळूत तरुणाचीही दमछाक होते. त्यातही पौर्णिमेनंतरचे दिवस बरे, कारण वद्य पक्षात पहाटे चंद्र पश्चिमेस, म्हणजे नेमका समुद्रावर असतो, आणि कंदिलाची गरज पडत नाही. चिरंजिवांच्या मोबाइलमध्ये भरतीओहोटीचे कोष्टक होते. त्यांनी ते वडिलांच्या हिशेबाशी ताडून पाहिले. फरक वीस मिनिटांचा निघाला. ‘तुझे यंत्र वीस मिनिटे चुकते आहे,’ असा निकाल वडिलांनी दिला.

अशा रीतीने २०२४ सालच्या माघ वद्य प्रतिपदेस ही दोघे हरिहरेश्वरास निघण्याच्या तयारीने उभी राहिली. तेथील देवळामागे डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेने प्रदक्षिणेची वाट आहे, आणि तेथे खडकांवर लाटेच्या तडाख्यात माणसे वाहून गेल्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून भरतीच्या वेळी त्या वाटेने कोणी जाऊ नये. यांनी ती पहाटेच, पाणी बाहेर असताना, उरकून घेतली.

आता ओझ्याचा प्रश्न. येथेच चिरंजिवांची पहिली चूक झाली, आणि ती प्रेमाने झाली असल्यामुळे दुरुस्त होण्यास वेळ लागला. त्यांनी दोघांचे कपडे, चादरी, औषधे, पाणी, खाणे असे सर्व सामान आपल्या एका मोठ्या पाठपिशवीत भरले. वजन चौदा किलो. वडिलांच्या हाती त्यांनी काठी तेवढी दिली. बागमांडल्याच्या तरीवर हा तरुण ओझ्याने वाकलेला आणि त्याच्यामागून हे सद्गृहस्थ रिकाम्या हातांनी, असे पाहून लोक चिरंजिवांस विचारू लागले, ‘आजोबांना कुठे नेताय?’ चहाच्या दुकानात पोऱ्याने विचारले, ‘यांना बिनसाखरेचा चालेल का?’ वस्तुतः ‘हे’ समोरच बसलेले होते, आणि त्यांची वाचा शाबूत होती. हा अनुभव घरोघरीच्या वृद्धांना नवा नाही. परंतु घरी मनुष्य उठून आतल्या खोलीत जाऊ शकतो. वाटेवर त्याला आतली खोली नसते. त्या दिवशी वडील वेळासपर्यंत फारसे बोललेच नाहीत, आणि चिरंजीव समजले की ते दमले.

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून येथे समुद्रास मिळते, आणि तिच्या एका तीरास रायगड जिल्हा, दुसऱ्या तीरास रत्नागिरी. पलीकडे वेशवीस उतरले की बाणकोटचा जुना किल्ला डावीकडे वर ठेवून वाट वेळासकडे वळते. वेळास हे नाना फडणिसांचे मूळ गाव. अलीकडे मात्र ते कासवांचे गाव म्हणून अधिक प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते, आणि निघून जाते. पुन्हा तिकडे फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री पळवीत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या निसर्गप्रेमी मंडळींनी गावकऱ्यांच्या मदतीने ती उचलून कुंपणाच्या आत पुरून जपण्यास आरंभ केला. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, आणि ती सकाळ-सायंकाळ समुद्रात सोडतात. द्वितीयेच्या सकाळी यांना ते पाहावयास मिळाले. तळहातापेक्षा लहान अशी ती काळी पिल्ले चिखलात चालल्यासारखी हातपाय मारीत पाण्याकडे जात होती. लाट येऊन त्यांना मागे फेकी, आणि ती पुन्हा तोंड पाण्याकडेच करीत. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘यांना ना आई माहीत ना बाप. तरी वाट चुकत नाहीत.’ चिरंजिवांनी विचारले, ‘बाबा, थोडे बसता का?’ वडील म्हणाले, ‘नाही. माझे ओझे मला दे.’

यावर तेथेच वाळूवर थोडी घासाघीस झाली. चिरंजिवांचे म्हणणे असे की, गुडघा दुखला तर काय करावयाचे? वडिलांचे म्हणणे असे की, पाठीवर काही नसले म्हणजे मनुष्य स्वतःच सामान होतो. ‘तू मला नेतो आहेस असे दिसते आहे. मी चाललो आहे असे दिसत नाही.’ शेवटी पाठपिशवी उपसली गेली. जास्तीच्या एका लहान झोळीवजा पिशवीत वडिलांनी आपली औषधे, पंचा, एक सदरा, चादर, तांब्या आणि पंचांग भरले. तीन किलोंहून ते अधिक नसावे. येथे इतरांसाठी म्हणून सांगण्यासारखे हे की, वयस्क माणसाने तीन-चार किलोंवर जाऊ नये, तरुणाने आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आत राहावे, आणि पाणी मात्र दोघांजवळ वेगवेगळे असावे. औषधे ज्याची त्याने वाहावी हे सर्वांत महत्त्वाचे, कारण दोघांची चुकामूक होऊ शकते.

त्या लहानशा पिशवीने जे केले ते मोठे विलक्षण होते. केळशीच्या अलीकडे भारजा नदीची खाडी आडवी येते. होडीवाल्याने या वेळी प्रश्न वडिलांस विचारला, ‘काका, कुठून आलात?’ आणि पैसे किती ते वडिलांनीच ठरविले. दहा रुपये कमी केले, आणि उतरताना तेवढेच त्याच्या पोरास खाऊसाठी दिले. टपालखात्यातल्या माणसाचा हिशेब असा असतो.

केळशी ते आडे, आडे ते आंजर्ले ही तृतीयेची चाल या प्रवासातील सर्वांत सुखाची. पहाटे साडेपाचला निघाले तेव्हा चंद्र समुद्रावर पिवळा पडत चालला होता आणि ओहोटी सुरू होती. पुळण आरशासारखी ओली. वडिलांनी वहाणा पिशवीला बांधल्या आणि अनवाणी चालू लागले. मात्र पुळणीला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एक पाय सारखा खाली पडतो आणि त्या बाजूचा गुडघा व कंबर भरून येते. यावर उपाय एवढाच की, जेथे वाळू सपाट असेल तेथूनच, अगदी पाण्याच्या कडेने चालावे, आणि तासाभराने बसावे. बसण्यास सुरूची बने आहेत, माडांच्या वाड्या आहेत. एका वाडीत पेज आणि लोणचे मिळाले. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे ढीग भरतीने आणून टाकलेले दिसतात, त्यांविषयी बोलू तितके थोडेच, असो.

चालता चालता बोलणे सुरू झाले ते केव्हा, हे दोघांपैकी कोणासही सांगता आले नसते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना बोलता येते, कारण तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. दोघांनाही समुद्राकडे पाहता येते. आईच्या शेवटच्या आजारात रुग्णालय बदलावयास हवे होते की नाही, हा प्रश्न दोन वर्षे या घरात कोणी उच्चारला नव्हता. चिरंजिवांस वाटत होते की वडील आपणास दोष देतात. वडिलांस वाटत होते की दोष आपला आहे आणि मुलगा तो बोलून दाखवीत नाही. आडे गावापासून पाडले गावापर्यंत दोघे त्यावर बोलले. काय बोलले ते त्यांच्यापाशीच राहू द्यावे. एवढे मात्र झाले की, आंजर्ल्यास पोचल्यावर वडिलांनी तिचे नाव घेऊन सांगितले, ‘तिला हे फार आवडले असते, आणि वाळूत चालून चालून तिने आपल्या दोघांना शिव्या दिल्या असत्या.’

दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सकाळीच चढून गेले. समुद्र पुढे सरकू लागल्यामुळे देव खालून डोंगरावर आणला अशी कथा तेथे सांगतात. वर उभे राहिले म्हणजे ती सहज पटते. वडिलांचा उपवास होता. उपवास आणि ऊन यांचा मेळ बसत नाही, म्हणून चिरंजिवांनी दर तासाला शहाळे पुढे करण्याचा नियम केला, आणि वडिलांनीही तो मोडला नाही. हर्णैस मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग पाहून सायंकाळी दोघे मुरुडास पोचली.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८७५ साली विद्यार्थी असताना ते सोबत्यांबरोबर, पाठीवर आपले सामान घेऊन, परीक्षेसाठी येथून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले, आणि इतके चालून गेल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही गोष्ट वडिलांनी रात्री जेवताना सांगितली. चिरंजीव म्हणाले, ‘आणि मग?’ वडील म्हणाले, ‘मग काय! परत चालत आले.’

पंचमीस मात्र वितुष्ट येण्याची वेळ आली. त्या सकाळी वडिलांच्या टाचेस आलेला फोड धुऊन, खोबरेल लावून, पट्टी बांधण्यात वेळ गेला, आणि कर्द्याची लांब पुळण संपली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. कर्दे आणि लाडघर यांच्यामध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरते. वरून वाट आहे, पण चढ-उताराची. चिरंजिवांनी पाहिले की खालचे खडक अजून उघडे आहेत. त्यांवरून वळसा घातला तर वडिलांचा गुडघा वाचेल. वडिलांनी नुसते बोटांवर मोजले. पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार. पाणी भरत आहे, आणि भरतीचा मधला काळ हा पाणी सर्वांत झपाट्याने चढण्याचा असतो. ते म्हणाले, ‘खालून जावयाचे नाही.’ चिरंजीव म्हणाले, ‘अर्ध्या तासाचे काम आहे, बाबा. तुमच्यासाठीच म्हणतो आहे.’ ‘अर्धा तास तुझा. माझा पाऊण तास होईल. आणि मधे मी अडकलो तर तू मला टाकून जाणार नाहीस, हेच तर भय आहे.’

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. दोघे वरून गेली. जांभ्याचा तापलेला चढ, सावली नाही, आणि उतारावर व्हावयाचे तेच झाले. वडिलांचा उजवा गुडघा धरला. अर्ध्या उतारावर ते एका दगडावर बसले. तेथून खाली पाहता, ज्या खडकांवरून जावे असा चिरंजिवांचा बेत होता त्यांच्यावर पांढरा फेस चढत होता. थोड्या वेळाने खडक दिसेनासे झाले. चिरंजीव ते पाहत होते आणि वडील गुडघा चोळीत होते. कोण बरोबर ठरले हे सांगणे अवघड आहे. खालून गेले असते तर प्राणावर बेतते. वरून आले तर गुडघा गेला. चिरंजिवांनी वडिलांची पिशवी घेण्यासाठी हात पुढे केला. वडिलांनी दिली नाही. खांद्यावर हात मात्र ठेवला, आणि त्या आधाराने दोघे लाडघरास उतरली.

षष्ठीचा दिवस लाडघरास एका घरगुती खाणावळीत पडून काढला. गरम पाण्याचा शेक, कुळथाचे पिठले, भात आणि झोप. संध्याकाळी चिरंजिवांनी भीत भीत एस्. टी.चा विषय काढला. वडिलांना राग येईल असे त्यांस वाटले होते. परंतु वडील म्हणाले, ‘मग काय तर! सरकारने गाडी कशाला ठेवली आहे?’ पायी निघालेल्या माणसाने गाडीत बसणे म्हणजे हार, अशी कल्पना तरुणांच्या डोक्यात असते. वृद्धांना ती नसते. त्यांनी पुष्कळ हारी पाहिलेल्या असतात, आणि त्यांत गाडीत बसणे कोठेच मोडत नाही.

सप्तमीस गाडीने दाभोळास उतरले. येथे वसिष्ठी नदी समुद्रास मिळते. एके काळचे हे मोठे बंदर. विजापूरकरांच्या अमलातील दगडी मशीद अजून किनाऱ्याजवळ उभी आहे. आगबोटी बंद होऊन आता कित्येक वर्षे झाली. पलीकडे धोपाव्यास जाण्यासाठी २००३ पासून मोटारीसकट नेणारी तर आहे, आणि दहा-पंधरा मिनिटांत ती पार नेऊन सोडते. या किनाऱ्यावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. ते पुरे झाले म्हणजे तरीचे हे थांबणे संपेल.

वडील धक्क्यावर बराच वेळ इकडेतिकडे पाहत होते. कोणत्या जागी पडाव लागे, वडील नेमके कोठून पाण्यात उतरले, ते त्यांना दाखवावयाचे होते. जागा काही सापडेना. सिमेंटचा धक्का, पार्किंग, दुकाने, सारेच नवे. शेवटी ते अंदाजाने एका ठिकाणी उभे राहिले आणि म्हणाले, ‘असे समज की येथून.’ चिरंजिवांनी विचारले, ‘आजोबांचे वय तेव्हा काय असेल?’ वडिलांनी हिशेब केला. एकेचाळीस निघाले. तरीचा भोंगा झाला म्हणून दोघांना पळावे लागले. म्हणजे चिरंजीव पळाले, आणि वडील काठी टेकीत, ‘थांब, थांब’ म्हणून तरवाल्यास खुणा करीत आले.

तो मुक्काम धोपाव्याच्या बाजूसच झाला. अष्टमीस हळूहळू चालून गुहागर गाठले, तेव्हा सहा वाजत होते आणि हिशेबाप्रमाणे पूर्ण भरती होती. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन दोघे मागच्या पुळणीवर जाऊन बसले. पाणी अगदी सुरूच्या झाडांपर्यंत आले होते. वडिलांनी पंचांग काढून पाहिले आणि परत पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडची एस्. टी. लागली. पायऱ्या उंच होत्या. चिरंजीव आपली मोठी पिशवी वर टाकून चढले आणि मागे वळून नुसते उभे राहिले. हात पुढे केला नाही. वडिलांनी दांडा धरला, एक पाय वर ठेवला, थांबले. मग खांद्यावरची पिशवी काढली आणि वर करून म्हणाले, ‘ही धर रे जरा.’